"नजर चोरते" असा शिक्का बसलेली सेक्रेटरी: मुलुंडच्या एका पुनर्विकास सभेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर ही सोसायटी आहे. चार विंग, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, 64 सभासद. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या ठेवाव्या लागतात, म्हणून पुनर्विकासाचा विषय निघाला. सेक्रेटरी ताई एकावन्न वर्षांच्या, खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळतात. सहा वर्षं त्याच सेक्रेटरी होत्या, कारण हे काम दुसऱ्या कुणाला नको होतं. हिशोब चोख. कुणाचं मेंटेनन्स किती महिने थकलंय हे वही न उघडता सांगतील.

मी वक्तृत्वाच्या कार्यशाळा घेते. त्याआधी बरीच वर्षं नाटकात काम केलं. ताईंची ओळख त्यांच्या भाचीमुळे झाली, ती माझ्या वर्गात होती. हे प्रकरण ताईंच्या परवानगीने लिहिते आहे, आणि त्यांची व सोसायटीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला गच्चीवर सभा झाली. आर्किटेक्टने तयार केलेला फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे पुनर्विकास कितपत शक्य आहे याचा अहवाल, सभासदांपुढे मांडायचा होता. 46 जण आले. ताईंनी आकडे सांगितले: सध्याचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, 410 चौरस फूट; नव्या घरात त्यावर 28 टक्के जास्त, म्हणजे साधारण 525. शेजारच्या सोसायटीला 45 टक्के मिळणार अशी बोलवा आधीच पसरलेली होती, त्यामुळे कुजबुज सुरू झाली. बी विंगमधले एक काका उठले. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरच्या पुढे, सोसायटीच्या पहिल्या कमिटीत होते. त्यांनी विचारलं, "बिल्डर आधीच ठरलाय का? सरळ सांग."

ताईंनी क्षणभर बाजूला बसलेल्या आर्किटेक्टकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाही."

अडचण

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस सेकंदांची क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. सभेचं चित्रीकरण सोसायटीनेच केलं होतं. विकासक, म्हणजे बिल्डर, निवडण्याच्या सभेचं चित्रीकरण नियमातच आहे, पण कमिटीने खबरदारी म्हणून त्याआधीच्या या सभेपासूनच कॅमेरा लावला होता. क्लिपमध्ये ताई मान खाली घालून वाचतायत, गळ्याचा घाम टिपतायत, प्रश्न आल्यावर बाजूला बघतायत आणि मग "नाही" म्हणतायत. खाली कुणीतरी लिहिलं होतं: "नजर चोरते, म्हणजे काहीतरी आहेच."

त्यानंतर जिन्यात भेटणाऱ्या बायका बोलेनाशा झाल्या. ताईंनी राजीनामा लिहून ठेवला. अध्यक्षांनी तो घेतला नाही. पण "तुम्ही जरा प्रेझेंटेशन सुधारा, मॅडम" असं सांगून त्यांनी एका सेमिनारमधलं वाक्यही ऐकवलं: संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी 93 टक्के देहबोली आणि आवाज. त्या वाक्याचं ओझं घेऊनच ताई माझ्याकडे आल्या. "म्हणजे सहा वर्षं मी आकडे बरोबर ठेवले त्याचं मोल 7 टक्के?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

त्या 7 टक्क्यांबद्दल

या आकड्याने वक्त्यांचं फार नुकसान केलंय, म्हणून इथे थांबते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे हे प्रयोग 1967 मधले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले गेले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले गेले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ओळखायला सांगितलं गेलं. शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा आवड-नावड ओळखताना लोक कशावर भिस्त ठेवतात, एवढाच तो प्रश्न होता. मेहराबियन यांनी स्वतःच नंतर सांगितलं की भावना आणि पसंती-नापसंती यांच्याबाहेर हे सूत्र लावू नये. कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि बांधकामाच्या काळातलं भाडं समजावताना शब्दांचा वाटा 7 टक्के असता, तर बिल्डरची ऑफर आपण मुकाट्याने हातवारे बघून समजून घेतली असती.

तरी त्यातला एक धागा इथे कामाचा होता. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरं, असं वाटलं की माणसं चेहऱ्याला धरतात. ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

चित्रफीत आवाज बंद करून

पूर्ण सभेची फीत आम्ही तीनदा पाहिली: आधी आवाज बंद करून, मग चित्र झाकून नुसता आवाज, मग दोन्ही एकत्र. कुणालाही शिकवताना मी हेच करते. एकदम दोन्ही पाहिलं की माणूस स्वतःच्या चेहऱ्यावरच अडकतो.

आवाज बंद असताना दिसलं ते असं. ताई पाण्याच्या टाकीला पाठ करून उभ्या होत्या, म्हणजे तोंड पश्चिमेला. मेमधली साडेसहाची वेळ, सूर्य थेट डोळ्यांत. त्या मान वर करत, डोळे बारीक करत आणि पुन्हा खाली बघत. चष्मा बायफोकल, कागदावरची अक्षरं बारीक, म्हणून वाचताना हनुवटी छातीला टेकलेली. एका हातात वायरचा माइक, दुसऱ्यात ए-फोर कागदांचा गठ्ठा. हात जरासा थरथरला तरी पातळ कागद तो थरकाप मोठा करून दाखवतो, आणि इथे तो मागच्या रांगेलाही दिसत होता. घाम पुसायचा तर कागद काखेत धरावे लागत. शेजारच्या खुर्चीत आर्किटेक्ट, त्यांच्या पलीकडे अध्यक्ष, मध्ये टेबल. समोर बसलेल्याला हे चित्र "ते तिघं एकीकडे, आम्ही सगळे दुसरीकडे" असंच दिसणार.

नुसता आवाज ऐकला तेव्हा वेगळीच गोष्ट कळली. आवाज स्थिर होता, आकडे स्पष्ट होते, "नाही" ठाम होतं. आवाजात खोट नव्हती.

मग मी त्यांना संशोधनातल्या दोन गोष्टी सांगितल्या, कारण त्या स्वतःलाच दोषी धरू लागल्या होत्या. खोटं बोलणारा नजर टाळतो हा समज 75 देशांत तपासला गेला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हाच समज जगभर सर्वांत जास्त आढळला. म्हणजे आपल्या "नजर चोरते" या वाक्प्रचाराला जगभर भावंडं आहेत. पण खोटं बोलणाऱ्यांच्या वागणुकीचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नजर टाळणं आणि खोटेपणा यांचा भरवशाचा संबंध सापडला नाही. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तर 50. गच्चीवरच्या 46 जणांनी जे "ओळखलं", त्याची किंमत एवढीच होती.

हे ऐकून ताई रडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पण मी आर्किटेक्टकडे का बघितलं, ते तुम्हाला सांगायला हवं."

पहिला निर्णय: आधी कागद

चर्चेत असलेल्या तीन बिल्डरांपैकी एकासोबत त्या आर्किटेक्टने पूर्वी एक इमारत केली होती. ताईंना हे माहीत होतं. त्यात बेकायदा काही नव्हतं, कमिटीतही ओझरतं बोलणं झालं होतं, पण सभासदांना सांगितलेलं नव्हतं. काकांचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या मनात तेच चमकलं: हे आत्ता सांगू का? म्हणून नजर गेली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सूर्य, चष्मा, कागद, वायर अशा दहा निरुपद्रवी कारणांच्या गर्दीत एक कारण खरं होतं. समोरच्यांना ते वेगळं काढता येणं शक्य नव्हतं. त्यांनी अकराही गोष्टी एकाच पोत्यात घातल्या.

इथे मला ठरवायचं होतं. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे हे शिकवून मी त्यांना आणखी विश्वासार्ह दिसायला मदत करू शकत होते. पण न सांगितलेली गोष्ट तशीच ठेवून हे केलं असतं, तर मी सभासदांच्या डोळ्यांत धूळ फेकायला शिकवत होते. मी म्हटलं, ही माहिती आधी लेखी जाऊ दे, मग आपण उभं राहण्याचं बघू. कमिटीने आठवडाभर घोळ घातला. शेवटी सर्क्युलर निघालं आणि आर्किटेक्टनेही सही करून तसं जाहीर केलं. ग्रुपवर दोन दिवस आग पेटली होती. ती सोसावी लागली.

कोणते पर्याय होते

ताईंनी बोलणं सोडून अध्यक्षांनी किंवा आर्किटेक्टने बोलावं, हा पहिला. कमिटीतल्या बहुतेकांना तोच सोपा वाटत होता. माझ्या मते त्याने संशयावर शिक्कामोर्तब झालं असतं: पाहा, तिला मागे केलं. दुसरा पर्याय सगळं लेखी देण्याचा आणि सभेत फक्त मतदान घेण्याचा. लेखी हवंच होतं, पण बी विंगमधल्या निम्म्या ज्येष्ठांना आठ पानी सर्क्युलर वाचता येणार नव्हतं. त्यांना माणूस समोर हवा होता.

तिसरा पर्याय ताईंच्या भाचीने आणला: आरशासमोर कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहायचं, म्हणजे आत्मविश्वास वाढतो. याचा मूळ अभ्यास 2010 चा, 42 जणांवरचा. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा केला तेव्हा शरीरातल्या संप्रेरकांवर काही परिणाम दिसला नाही, आणि मूळ अभ्यासातल्या एका संशोधिकेने 2016 मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ताठ उभं राहिल्याने कुणाला बरं वाटत असेल तर राहावं. आमचा वेळ त्यात घालवायचा नाही असं ठरलं.

चौथा पर्याय आम्ही निवडला: मोठ्या सभेआधी प्रत्येक विंगची छोटी बैठक, कुणाच्या तरी घरात, पंधरा-सोळा जणांची.

काय केलं

आधी वस्तू बदलल्या. कागदांऐवजी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, प्रत्येकावर तीनच ओळी, अक्षर इतकं मोठं की हात कमरेच्या उंचीवर ठेवूनही दिसावं. मान वाकणं एका दिवसात थांबलं. त्यासाठी कुठलाही सराव लागला नाही. भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावला, म्हणजे बोट दाखवायला जागा मिळाली आणि हातांना काम.

हातांबद्दल मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी 1969 मध्ये केलेला एक भेद मी नेहमी वापरते. काही हालचाली बोलण्याचं चित्र काढतात: "एवढी खोली", "इथून तिथपर्यंत". काही हालचाली स्वतःलाच सावरत असतात: अंगठी फिरवणं, पदर ओढणं, गळा पुसणं. सावरणाऱ्या हालचाली "करू नका" म्हणून थांबत नाहीत. हाताला चित्र काढायला दिलं की त्या आपोआप कमी होतात. ताईंना मी सांगितलं, स्वयंपाकघर किती फुटांनी वाढणार ते आकड्यात सांगू नका, हातांनी दाखवा. त्या उठल्या, माझ्या हॉलमध्ये पावलं टाकून ओटा कुठे येईल ते दाखवलं. पहिल्यांदाच त्या बोलताना जिवंत दिसल्या.

पण त्यानंतर मी चूक केली. उत्साहाच्या भरात एकाच बैठकीत बारा सूचना दिल्या: पाय खांद्यांइतके अंतरावर, वजन दोन्ही पायांवर, वाक्यागणिक एका माणसाकडे बघा, प्रश्नानंतर श्वास सोडा, तळवे उघडे ठेवा. पुढच्या सरावात ताई लाकडासारख्या उभ्या होत्या आणि कॉर्पसचा आकडा विसरल्या. बारातल्या दोनच ठेवल्या: उत्तर देण्याआधी श्वास पूर्ण सोडायचा, आणि एक वाक्य एकाच माणसाला सांगून संपवायचं.

घबराटीबद्दल मात्र एकच गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यात उपयोगी पडली असं ताई आजही म्हणतात. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या प्रयोगात भाषणाआधी काही जणांना सांगितलं गेलं की तुमची धडधड तुम्हाला वाटते तितकी समोरच्यांना दिसत नसते. ज्यांना हे सांगितलं, त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. "म्हणजे लपवायची गरजच नाही," ताई म्हणाल्या.

दुसरा निर्णय: काकांकडे कसं बघायचं

ए विंगची बैठक छान झाली. बी विंगची बिघडली, आणि त्यात माझा वाटा होता. मी सांगितलं होतं की सगळ्यात कठीण प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्या. ताईंनी काकांच्या नजरेला नजर भिडवून, उभ्याने, तीन फुटांवरून उत्तर दिलं. काका खुर्चीत बसलेले. ते उसळले: "मला डोळे दाखवते? हिच्या वडलांबरोबर मी ही सोसायटी उभी केली!"

आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना सरळ रोखलेली नजर आदराची नसते, ती आव्हानाची असते. "डोळे दाखवणे" हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. परदेशी पुस्तकांतून उचललेली "आय कॉन्टॅक्ट ठेवा" ही सूचना मी न चाळता पुढे केली होती. शिवाय त्या उभ्या, ते बसलेले, आणि अंतर इतकं कमी. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये अंतरांची जी मांडणी केली, तीत चार फुटांच्या आतलं अंतर जवळच्या माणसांचं असतं. उत्तर देणारी व्यक्ती त्या अंतरातून वर उभी राहून बघते तेव्हा ऐकणाऱ्याला ती अंगावर आल्यासारखी वाटते.

त्या रात्री काय करायचं यावर आमचा वाद झाला. मला वाटत होतं ताईंनी काकांना वगळून बाकीच्यांशी बोलावं. ताई म्हणाल्या, "नाही, मी त्यांच्या घरी जाते. मी त्यांच्या मांडीवर खेळलेय." त्या गेल्या, कार्डं न घेता. काकूंनी चहा केला. ताई खाली सतरंजीवर बसल्या, वही उघडली आणि काकांचे प्रश्न एकेक करून लिहून घेतले. सतरा प्रश्न निघाले. उत्तर एकाचंही दिलं नाही. नजर बहुतेक वेळ वहीवर होती, आणि तिथे कुणाला ती चोरल्यासारखी वाटली नाही.

मान खाली तीच. गच्चीवर तिचा अर्थ एक झाला, सतरंजीवर दुसरा.

निवड सभा

सप्टेंबरमध्ये, गणपतीनंतर, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये बिल्डर निवडण्याची सभा झाली. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार अशा सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर लागतात, म्हणजे 64 पैकी 43, आणि मान्यतेसाठी एकूण सभासदांच्या 51 टक्के, म्हणजे 33. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचे अधिकारी आले होते. 57 सभासद हजर होते.

टेबल भिंतीकडे सरकवलं होतं. आर्किटेक्ट सभासदांच्या पहिल्या रांगेत बसले. माइक स्टँडवर होता. काकांचे सतराही प्रश्न तक्त्यावर लिहून लावले होते, आणि ताईंनी सुरुवात त्यांपासून केली. चौथा होता: बिल्डर आधीच ठरलाय का? त्या म्हणाल्या, "नाही." मग थांबल्या. फितीवर मोजलं तर तीन सेकंद. मेमध्ये त्या याच जागी घाईघाईने पुढे बोलत गेल्या होत्या. "पण आर्किटेक्ट साहेबांनी यातल्या एका बिल्डरबरोबर आधी काम केलंय, आणि हे मी तुम्हाला मेमध्येच सांगायला हवं होतं." हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही.

घाम त्यांनी मेइतकाच पुसला. एकदा तर बोलता बोलता सरळ "एक मिनिट" म्हणून रुमाल काढला. अकराव्या प्रश्नाला, भाडं वाढवून मिळण्याच्या कलमाबद्दल, "हे मला माहीत नाही, वकिलांना विचारून गुरुवारी बोर्डावर लावते" असं उत्तर दिलं, आणि ते सांगताना मान खाली गेली नाही.

परिणाम

41 मतं ठरावाच्या बाजूने पडली. काकांनी विरोधात मत दिलं. सभेनंतर ते ताईंना म्हणाले, "तू लपवत नाहीस हे पटलं. तुझा आकडा मला पटत नाही." यापेक्षा जास्त यशाची अपेक्षा मी वक्त्याकडून करत नाही. लोकांचा आक्षेप माणसावरून उठून मुद्द्यावर आला, तिथे देहबोलीचं काम झालं. पुढचं काम आकड्यांचं. मुळात 41 मतं देहबोलीमुळे पडली असंही मी म्हणणार नाही. टेंडरमध्ये ऑफर 32 टक्क्यांपर्यंत आली होती, 410 चे 541 होत होते, आणि तो पावसाळा वाईट गेला होता.

आता केलं तर

मे महिन्यातली सभा गच्चीवर, सूर्यास्ताच्या तोंडावर घेतलीच नसती. घ्यावी लागली असती तर बोलणाऱ्याची पाठ पश्चिमेला केली असती. मी स्वतः बारा सूचना दिल्या नसत्या. आणि विंगच्या बैठकांआधी एकदा त्या घरात जाऊन कोण कुठे बसतं ते बघितलं असतं. बी विंगच्या त्या खोलीत काकांची खुर्ची कोपऱ्यात होती आणि ताईंना उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. ते मला पाच मिनिटांत दिसलं असतं.

एका बाबतीत माझं मत अजून पक्कं होत नाही. ती क्लिप फिरली तेव्हा ताईंनी लगेच ग्रुपवर उत्तर द्यावं असं भाचीचं म्हणणं होतं, आणि मी थांबवलं. त्या तीन आठवड्यांत त्यांनी जिन्यात जे सोसलं, ते मी मोजलं नव्हतं. सर्क्युलर निघेपर्यंत निदान चारही विंगच्या दारांवर जाऊन, काही न समजावता, "प्रश्न लिहून द्या" एवढं तरी त्यांना करता आलं असतं. सतरंजीवरची वही जूनमध्येच उघडता आली असती.